पागेतील उपाहारगृह आणि गडावरील लग्ने

महाराष्ट्रातील काही किल्ले हॉटेले आणि लग्नसमारंभांसाठी भाड्याने देण्याच्या बातमीवरून २०१९ मध्ये क्षोभ उसळला, आणि शिवछत्रपतींशी निगडित किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. तो वाद पुन्हा निघाला की, जुन्या वास्तूंत उपाहारगृहे आणि दुकाने चालवणाऱ्या इंग्लंडकडे बोट दाखवले जाते. इंग्लंडमध्येच राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ती तुलना अर्धवट वाटते.

डर्बीशरमधील चॅट्सवर्थ या उमरावी प्रासादाची पागा पाहा. चौथ्या ड्यूक ऑफ डेव्हनशरसाठी जेम्स पेन या वास्तुकाराने १७६० च्या सुमारास मुख्य प्रासादाच्या ईशान्येला, चढावर ती बांधली. सुमारे १९० फूट लांबीरुंदीची ही चौसोपी वास्तू ऐंशी घोड्यांसाठी होती. दर्शनी बाजूला डोरिक खांब, त्यांवरील त्रिकोणी शिखरपट्टीत घराण्याचे भव्य कोरीव चिन्ह, खरी शिंगे बसवलेली दगडी हरणे आणि वर घड्याळाचा मनोरा. एवढा थाट घोड्यांसाठी अर्थातच नव्हता, तो पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी होता. आत मात्र सगळा कामाचा मामला होता: खाली घोडे बांधण्याची ठाणे आणि लोहारशाळा, वर धान्याची कोठारे आणि मोतद्दारांच्या खोल्या. १९३९ मध्ये शेवटचे घोडे गेले, इमारत काही काळ गोदाम आणि मोटारखाना झाली, आणि आज तेथे उपाहारगृह व दुकाने आहेत.

हा बदल पचला, याचे मोठे कारण मला बांधणीतच दिसते. मधला मोकळा चौक, त्याभोवती एकसारखे लांब दालन आणि गाडी आत येईल एवढा दरवाजा असलेली वास्तू नवा वापर सहज सामावून घेते. शिवाय सर्वोच्च श्रेणीचे कायदेशीर संरक्षण असल्यामुळे मालकालाही परवानगीवाचून तिचे रूप पालटता येत नाही. मुख्य म्हणजे, ही एका उमरावाची पागा आहे. तिच्यासाठी कोणी रक्त सांडलेले नाही.

म्हणून चॅट्सवर्थचा दाखला गडांना लावणे मला अप्रस्तुत वाटते. तो लागू पडतो संस्थानी वाड्यांच्या पागांना, कोठारांना आणि कचेऱ्यांना, ज्यांची छपरे आपल्या वादाच्या बाहेर राहून मुकाट्याने कोसळत असतात. त्यांना भाडेकरू मिळावा, पण चौक झाकू नये, तुळया कापू नयेत आणि सांडपाणी जुन्या भिंतीत मुरू देऊ नये, या अटी निविदेआधीच जाहीर व्हाव्यात.