मिसळीला जाताय? आधी अजेंडा पाठवा

जोडून सुट्ट्या आल्यात, जुने मित्र ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत आहेत आणि मामलेदारच्या मिसळीचं नाव काढताच सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटतंय. अशा वेळी उठून सरळ मिसळ खायला जायचा अविचार करू नका. नोकरदार माणसाला ते शोभत नाही.

आधी ग्रुप काढा. जुना ग्रुप आहेच, पण त्यावर कुणाच्या तरी मेव्हण्याचा टू बीएचके विकायला पडलाय. नव्या ग्रुपवर लगेच पोल टाका: शनिवार की रविवार, नऊ की अकरा, मामलेदार की 'काहीतरी वेगळं'. 'काहीतरी वेगळं' हवंच, आठवडा त्यावरच निघतो. मग कुणी गजाननच्या वडापावची बाजू घेईल, पिवळ्या बेसनाच्या चटणीची शपथ घालेल. कुणी कुंजविहारच्या अवाढव्य वड्याचा फोटो टाकेल. ज्याला मुळातच यायचं नाहीये, त्याने येऊरचा डोंगर सुचवावा.

वेळ ठरली की घरून 'निघालो' असा मेसेज टाका आणि मग आंघोळीला जा. नेरूळचा मित्र ट्रान्स-हार्बरने येऊन ठाणे स्टेशनवर ताटकळत उभा राहील. त्याला राहू द्या. 'अरे, मी तर ठाण्यातच आहे' म्हणणारा घोडबंदर रोडवाला अजून मानपाड्याला ब्रेकवर पाय ठेवून बसलाय. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून दुपारी साडेतीनच्या सुमारास निघालेले 400 पाहुणे देशातल्या पहिल्या प्रवासी रेल्वेच्या 14 डब्यांतून चहाच्या वेळेला ठाण्यात उतरले होते. अर्थात त्यांच्यात कुणी 'लोकेशन टाक रे' म्हणणारा नव्हता.

आता तहसील कचेरीजवळच्या मामलेदारला पोहोचलात, रांगेत थांबलात, टेबल मिळालं. खरी कसोटी पुढे आहे. प्लेट समोर येते. लाल तर्री काठापर्यंत आलेली, तिच्यात फरसाण अजून अर्धं कोरडं, अर्धं रस्सा पिऊन फुगायला लागलेलं, वर कच्चा कांदा. खायची वेळ हीच, म्हणून खाऊ नका. फोटो काढा. वरून काढा, बाजूने काढा, शेजाऱ्याची प्लेट सरकवून काढा. तेवढ्यात फरसाणाचा लगदा होतो आणि तुमच्या खुर्चीमागे उभं असलेलं कुटुंब तुमच्या पावांकडे असं बघायला लागतं की पहिला घास घशात अडकावा.

इथे साहेबांचा फोन येईलच. घ्या. तिखट मिसळीचा घास तोंडात, नाकाडोळ्यांतून धारा, तरी 'नाही नाही सर, बोला, मोकळाच आहे' हे म्हणता आलं पाहिजे. सरांना वाटतं, माणूस कामासाठी रडतोय. अप्रेझलच्या काळात हे बरं पडतं. (मध्यम तिखट मागवणाऱ्याला हा लाभ होत नाही.)

तोपर्यंत टेबलावरच्या एकाने उसळीतल्या प्रोटीनचा विषय काढलेला असावा. नसेल तर तुम्ही काढा. पावातला मैदा, तर्रीतलं तेल, चाळिशीनंतरचं कोलेस्टेरॉल, हे सगळं दुसरा पाव मागवल्यानंतर बोलायचं असतं. कॉलेजात कोण कुणाच्या डब्यातलं खायचं, कुणाची आई शेवटी दोन डबे द्यायला लागली, असल्या गप्पांना थारा देऊ नका. त्यात वेळ कसा जातो कळत नाही, आणि मागचं कुटुंब आता खोकायला लागलंय.

प्रत्येक कंपूत एक बिनशिस्तीचा असतोच. तो पोलमध्ये मत देत नाही, फोन खिशातून काढत नाही, प्लेट आली की खाली मान घालून जेवतो आणि तुमचा दुसरा फोटो निघेस्तोवर 'अजून एक तिखट' अशी हाळी देतो. त्याच्यावर लक्ष ठेवा. हिशोबाच्या वेळी त्याची दुसरी प्लेट वेगळी धरायची आहे. चार जणांत नऊ पाव झाले असतील तर नववा कुणाचा, याचा छडा तलावपाळीला चक्कर मारत लावा. छडा लागला नाही तर रक्कम सगळ्यांत सारखी वाटा आणि रात्री अकरा वाजता ग्रुपवर क्यूआर कोड टाका. त्याच्यावर नेरूळवाल्याचा अंगठा येईल, पैसे येणार नाहीत.