टेम्पररी कॅप दोन वर्षं चालते म्हणे!

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दातांच्या कॅपबद्दल, म्हणजे कोरून लहान केलेल्या दातावर बसवायच्या टोपणाबद्दल, एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: टेम्पररी आणि पक्की कॅप दिसायला सारखीच, मटेरियलही एकच, डॉक्टर फक्त दुसऱ्यांदा पैसे काढायला बोलावतो. टेम्पररीच दोन-तीन वर्षं चालू द्या. पिवळी पडली तर सोडा, मीठ आणि लिंबानं घासा, निघाली तर फेविक्विक लावा. आणि दवाखानाच नको असेल तर बाजारात एका दिवसात ‘फिक्स दात’ बसवून मिळतात.

यामागची अडचण खरी आहे. रूट कॅनाल दिवाळीआधी होतं, पक्क्या कॅपचे पैसे कापूस विकल्यावर येतात. मधले महिने टेम्पररीवर निघतात आणि ती टिकली की वाटतं, हिच्यावरच भागेल. पण या मेसेजमध्ये एकच गोष्ट बरोबर आहे: पहिल्या दिवशी टेम्पररी खरोखरच चांगली दिसते.

“मटेरियल एकच आहे”

नाही. तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक वेळा खुर्चीतच बनते ती सेल्फ-क्युअर, म्हणजे आपोआप कडक होणाऱ्या, ॲक्रिलिक प्लास्टिकची कॅप. पावडर आणि उग्र वासाचं लिक्विड कालवून केलेली. ते लिक्विड, म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट, एकटंच कडक होऊ दिलं तर आकारमानानं सुमारे 21 टक्के आकसतं. म्हणून तीन भाग पावडरला एक भाग लिक्विड घेतात. तरीही 6 ते 7 टक्के आकसणं उरतंच. घाईत लिक्विड जास्त पडलं की कॅप आणखी आकसते आणि दाताच्या कडेला फट पडते. हे मिश्रण कडक होताना तापतं, म्हणून जिवंत (नस शाबूत असलेल्या) दातावर ते पूर्ण कडक होऊ देत नाहीत. रबरासारखं असतानाच दोन-तीनदा काढून परत बसवतात आणि वर पाण्याचा फवारा मारतात.

दुसरा प्रकार बिस-ॲक्रिल, हेही प्लास्टिकच. हे कार्ट्रिजमधून नोझलमध्ये आपोआप मिसळून येतं, कमी तापतं, कमी आकसतं आणि कडेला चांगलं बसतं. पण ठिसूळ असतं, पातळ जागी तडकतं. तिसरा प्रकार कारखान्यात उष्णता आणि दाबाखाली तयार झालेल्या ॲक्रिलिकच्या ठोकळ्यातून मशीननं कोरलेल्या कॅपचा. तिच्यात हवेचे बुडबुडे जवळपास नसतात, त्यामुळे ती जास्त टिकते आणि रंगही जास्त धरून ठेवते. काही उत्पादक तिला वर्षभराची मुदत देतात.

पक्की कॅप धातूची, धातूवर सिरॅमिकची किंवा झिरकोनिया या कणखर पांढऱ्या सिरॅमिकची असते. वाकवून मोडायला लागणारा ताण पाहा: खुर्चीतलं ॲक्रिलिक साधारण 60 ते 100 मेगापास्कलला मोडतं, कॅपसाठी वापरला जाणारा मजबूत झिरकोनिया 900 च्या पुढे जातो. याला एकच मटेरियल कसं म्हणायचं?

“दोन-तीन वर्षं आरामात चालते”

इथे मेसेज सगळ्यात जास्त नुकसान करतो. लोक कॅपकडे बघतात, सिमेंटकडे कोणी बघत नाही. टेम्पररी सिमेंट मुद्दाम कमजोर केलेलं असतं, कारण कॅप दाताला धक्का न लागता काढता आली पाहिजे. काही आठवड्यांनी ते लाळेत विरघळू लागतं. कॅप जागेवरच दिसते, हलतही नाही, पण कडेनं लाळ आणि अन्न आत जात असतं. दात जिवंत असेल तर थंड पाण्यानं झिणझिण्या येतात आणि माणूस दवाखान्यात येतो. रूट कॅनाल झालेल्या दाताला कळच येत नाही. तो आतून किडत राहतो आणि एक दिवस कॅप निघते तेव्हा तिच्यासोबत दाताचा तुकडाही येतो. त्या दातावर मग पक्की कॅप बसवायला आधारच उरत नाही.

कॅप झिजते तेही वेगळं. ॲक्रिलिक मऊ असतं. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) चघळणाऱ्याच्या तोंडात सुपारीचे तुकडे दाढेवरची टेम्पररी लवकर खातात. कॅपची उंची कमी झाली की समोरचा दात त्या जागेत उतरतो, शेजारचा कलतो. त्यानंतर जुन्या मापाची पक्की कॅप बसत नाही. दात मशीननं पुन्हा घासून कमी करावा लागतो, माप पुन्हा घ्यावं लागतं.

ब्रिजचं, म्हणजे नसलेल्या दाताच्या जागी दोन्हीकडच्या दातांच्या आधारानं बसवलेल्या जोडकॅपचं, गणित तर आणखी कडक आहे. मधला दात नसला की तिथला भाग तुळईसारखा वाकतो. दोन आधारांतलं अंतर दुप्पट झालं तर तेवढ्याच जोराखाली तो आठपट वाकतो. दोन दातांना जोडणाऱ्या सांध्याची उंची निम्मी केली तरी आठपटच. म्हणून टेम्पररी ब्रिज जवळजवळ नेहमी दातांच्या मधल्या सांध्याशी मोडतो. लांब ब्रिज महिनोन्‌महिने ठेवायचाच असेल तर आत काचतंतूंची पट्टी किंवा धातूची तार घालावी लागते आणि सांधा जाड ठेवावा लागतो. मात्र खाली हिरडीजवळ ब्रश जाईल एवढी जागा सोडून.

काही रुग्णांना टेम्पररी मुद्दाम महिनोन्‌महिने दिली जाते, हे खरं आहे. हिरडीची शस्त्रक्रिया झाली असेल, इम्प्लांट (दाताच्या जागी बसवलेला स्क्रू) हाडात रुजत असेल, चावण्याची उंची बदलायची असेल तेव्हा. पण ती लॅबमध्ये हीट-क्युअर (उष्णतेनं कडक) केलेली किंवा मशीननं कोरलेली असते आणि ठरावीक काळानं काढून, साफ करून नव्या सिमेंटनं बसवतात.

“पिवळी पडली तर सोडा-मीठ-लिंबानं घासा”

पिवळेपणा दोन वाटांनी येतो. सेल्फ-क्युअर ॲक्रिलिक कडक व्हावं म्हणून त्यात अमाइन नावाचं रसायन असतं, ते काळानुसार स्वतःच पिवळसर होतं. हळद न खाणाऱ्याचीही कॅप त्यामुळे बदलते, आणि घासून हा रंग जात नाही. दुसरी वाट बाहेरून. हळदीतला पिवळा रंग, कर्क्युमिन, पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतो. सावजी रस्सा, पाटवडीचा रस्सा म्हणजे गरम तेलाच्या तवंगात उतरलेली हळद. ॲक्रिलिकला ती आत शिरायला याहून सोयीचं काय? कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो. तोंडात ऊन नाही. खर्रा आणि चहा तपकिरी-काळा थर देतात, तो आधी खरखरीत जागी धरतो.

त्यामुळे खरा प्रश्न पृष्ठभाग किती गुळगुळीत आहे हा. खायचा सोडा एकटा फारसा खरखरीत नाही. मीठ, राखुंडी, गुडाखू, कोळशाची पूड मात्र मऊ ॲक्रिलिकवर बारीक चरे पाडतात, आणि पुढच्या आठवड्यात त्याच चऱ्यांत आणखी रंग बसतो. लिंबाचा आंबटपणा शेजारच्या खऱ्या दातांचं इनॅमल खातो. साधी टूथपेस्ट, मऊ ब्रश आणि जेवणानंतर खळखळून चूळ एवढंच करा. डाग फारच दिसत असेल तर दवाखान्यात पुन्हा पॉलिश करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

इथे आम्हा दंतवैद्यांच्या व्यवसायालाही सुनावलं पाहिजे. बाहेर गर्दी असली की पॉलिश वगळलं जातं. ॲक्रिलिकला बर (फिरणारं घासायचं टोक), सँडपेपर, ओली प्युमिस (दगडाची बारीक पूड), मग बफ (चकाकी आणणारं मऊ चाक) हा क्रम लागतो. बिस-ॲक्रिलवर हवेमुळे चिकट थर राहतो, तो आधी स्पिरिटनं पुसला नाही तर डाग तिथेच धरतात.

“निघाली तर फेविक्विक लावा”

हा गोंद ओलाव्यात क्षणात पकडतो. कॅप अर्धा मिलिमीटर वर राहिली तरी तशीच घट्ट होते, चावताना सगळा जोर त्या एकाच दातावर येतो, हिरडीही भाजते. नंतर कॅप कापूनच काढावी लागते. त्याऐवजी निघालेली कॅप धुवा, डबीत ठेवा, दोन-तीन दिवसांत दवाखाना गाठा. तोपर्यंत चारचौघांत जायचं असेल तर आत थोडी टूथपेस्ट किंवा कवळीची चिकट क्रीम लावून बसवा आणि चावून उंची बघा. झोपताना काढून ठेवा, नाहीतर गिळली जाईल किंवा श्वासनलिकेत जाईल.

बाजारातल्या ‘फिक्स’ दातांबद्दल थोडक्यात: तिथे हेच सेल्फ-क्युअर ॲक्रिलिक सरळ हिरडीवर थापून शेजारच्या चांगल्या दातांना तारेनं बांधतात. खाली ब्रश जात नाही, अन्न कुजतं आणि आधाराचे दातही हलू लागतात.

“दुसरी फेरी पैशासाठी”

दुसरी फेरी ते कमजोर सिमेंट विरघळण्याआधी पक्की कॅप बसवायला असते. पैसा हाताशी नसेल तर कॅपसाठी दात मशीननं घासण्याआधीच सांगा. रूट कॅनाल झालेल्या दाढेचे उंच कोपरे कमी करून, वर पक्कं फिलिंग भरून काही महिने थांबता येतं. कॅपसाठी घासलेल्या दाताला तेवढी मुभा नसते. मागच्या दाढेला दिसण्याची गरज नसेल तर फक्त धातूची कॅप मागा, ती पक्क्या कॅपमध्ये सहसा सगळ्यात स्वस्त आणि दणकट पडते. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातही चौकशी करा. आणि टेम्पररीवर थांबावंच लागलं तर दोन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: सिमेंट कोणत्या तारखेला लावलं आणि ते बदलायला परत कधी यायचं. तोवर सुपारी, फुटाणे, चिक्की दुसऱ्या बाजूनं.