'शक्ती आहे, पण उपयोग काय?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

जॉन विंडम यांच्या 'द क्रिसॅलिड्स' या कादंबरीवर मी लिहिलं, त्याखाली एका वाचकांची प्रतिक्रिया आली. उत्तर तिथेच लिहायला घेतलं होतं, पण ते वाढत गेलं, म्हणून वेगळं टाकते आहे. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी ती प्रतिक्रिया थोडक्यात अशी: कादंबरीचा नायक डेव्हिड याला दुसऱ्याच्या मनातलं ऐकता येतं, पण अख्ख्या पुस्तकात तो त्या शक्तीने एकही काम करत नाही, नुसता लपतो. आजची मुलं हे पुस्तक दहाव्या पानावर मिटतील. शेवटी यंत्रातून एक बाई येते आणि सगळ्यांना मारून टाकते, त्यावर लेखात अवाक्षर नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या विलायती पुस्तकाची एवढी आरती कशाला? आणि लिहिणारीचा मुलांशी फारसा संबंध आलेला दिसत नाही.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते वाचून मला राग आला आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मतभेद असावेत, जरूर असावेत. पण ज्या व्यक्तीला तुम्ही कधी पाहिलेलं नाही, तिचं आयुष्य एका ओळीत निकालात काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. केस पांढरे झाले त्याच वर्गांत. शनिवारी शाळा सुटल्यावर थांबणाऱ्या मुलांना गोष्टी सांगते, त्यातली ही एक. इंग्रजी पुस्तक हातात धरून मराठीत सांगत जायचं, अडलं तिथे थांबायचं. मुलांशी माझा संबंध एवढाच आहे, आणि तो मला पुरेसा वाटतो.

आता 'नुसता लपतो' याबद्दल. तुम्हाला ही पुस्तकातली उणीव वाटते. मला वाटतं, पुस्तक उभंच त्यावर आहे.

वाकनुक हे कॅनडाच्या लॅब्राडोर भागातलं, गोष्टीतलं गाव. अणुसंहाराला कित्येक पिढ्या उलटून गेल्या आहेत, आणि लोक त्याला देवाचा कोप मानतात. माणूस कसा असावा याची व्याख्या तिथे पाठ करून घेतात: हात किती, पाय किती, प्रत्येकाला बोटं किती. पीक वेगळं उगवलं तर जाळतात, वासरू वेगळं जन्मलं तर मारतात. घरात मूल जन्मलं तरी इन्स्पेक्टर येऊन मूल निर्दोष असल्याच्या दाखल्यावर सही करेपर्यंत मूल झालंय असं कुणी तोंडातून काढत नाही. डेव्हिडच्या बहिणीच्या, पेट्राच्या जन्माच्या वेळी सगळं घर काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने कामं करत राहतं. हाच डेव्हिड लहान असताना दुखऱ्या हाताला पट्टी बांधता येत नाही म्हणून सहज बोलून जातो, आणखी एक हात असता तर जमलं असतं. त्या एका वाक्यावरून बाप घर डोक्यावर घेतो आणि मुलाला देवाची क्षमा मागायला लावतो. नुसती इच्छा बोलून दाखवली तर ही गत. मग त्या मुलाने आपली शक्ती कुठे चालवून दाखवायची होती, असं तुमचं म्हणणं आहे? बापासमोर?

आणि 'एकही काम करत नाही' हे तर चूकच आहे. पेट्राकडेही हीच शक्ती आहे. ती पाण्यात पडते तेव्हा तिची मनातली हाक इतकी जबरदस्त असते की ऐकणाऱ्याला 'जाऊ की नको' हा विचार करायलाही जागा उरत नाही, हातातलं टाकून धावावंच लागतं. नंतर रानात तिच्या तट्टावर श्वापद तुटून पडतं, तेव्हाही तेच. चारी दिशांनी हीच शक्ती असलेली तरुण मुलं एका जागी पोचतात, आणि यांना कळलं कसं, असा संशय तिथूनच बळावतो. म्हणजे शक्ती आहे, ती काम करते, आणि काम केल्यामुळेच ती मुलं पकडली जायची वेळ येते. शेवटी मदत येते तीही पेट्राची हाक पार न्यूझीलंडपर्यंत पोचते म्हणून. हे तुमच्या नजरेतून सुटलं असेल तर पुस्तक पूर्ण वाचलंत का, असं मला विचारावंसं वाटतं. बोचेल, पण सुरुवात मी केलेली नाही.

मुलं पुस्तक मिटतील म्हणता, तर माझ्या वर्गात काय झालं ते सांगते. डेव्हिडच्या मैत्रिणीला, सोफीला, प्रत्येक पायाला सहा बोटं आहेत. ती आणि डेव्हिड ओढ्यात खेळतात, ती ओल्या पायाने दगडावर उभी राहते आणि तिथे उमटलेला ठसा एक मुलगा पाहतो. मी इथे थांबले होते, पाणी प्यायला. मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, "बाई, तिने दगडावर पाणी ओतायला पाहिजे होतं." लगेच दुसरा म्हणाला की ऊन असेल तर ठसा आपोआप वाळेल, फक्त त्या पोराला दोन मिनिटं बोलण्यात अडकवायचं. एका मुलीने विचारलं, ती घरात पण बूट घालते का? आईसमोर पण? पंधरा-वीस पोरं सोफीला वाचवायच्या युक्त्या काढत बसली. शाळेची घंटा केव्हाच झाली होती, शिपाई दोनदा डोकावून गेले. ही मुलं स्वतः काय काय लपवतात ते मला थोडंफार ठाऊक आहे. घरचं सांगत नाहीत, कुणी आडनाव सांगताना आवाज खाली घेतो, कुणी सहलीच्या पैशांचं विचारलं की पोट दुखतं म्हणतो. त्यांना लपणं म्हणजे काहीच न करणं वाटत नाही. लपायला दिवसभर केवढं लक्ष ठेवावं लागतं हे त्यांना माहीत असतं.

ॲक्सेल काका तरी आठवतात का तुम्हाला? डेव्हिड गवताच्या गंजीआड बसून, हीच शक्ती असलेल्या रोझलिंडशी मनातल्या मनात बोलतोय, पण शब्दांनी विचार स्पष्ट होतो म्हणून तोंडानेही पुटपुटतोय. काका विचारतात, कुणाशी बोलतोस? सगळं ऐकून घेतात आणि वचन घेतात, हे कुणालाही सांगायचं नाही आणि पुन्हा मोठ्याने बोलायचं नाही. घरातलं एक मोठं माणूस आपलं ऐकून घेतं आणि चुगली करत नाही, एवढी एक गोष्ट त्या पोराकडे आहे. पुस्तकातला हा प्रसंग मला सगळ्यात जवळचा. याला तुम्ही 'नुसता लपतो' म्हणता, तिथे आपलं जमायचं नाही.

एक मान्य करते. शेवटी येणारी न्यूझीलंडची बाई लांबलचक भाषण देते आणि ते भाषण रटाळ आहे, वर्गात सांगताना मीही ते चार वाक्यांत उरकते. तिच्या यंत्रातून सुटलेल्या चिकट धाग्यांत माणसं गुंडाळून मरतात त्यावर स्वतंत्र लिहिता येईल, पण माझा लेख शेवटावर नव्हताच. लेखात काय असावं हे लिहिणारी ठरवते.

जुनं आणि विलायती, याला काय उत्तर देऊ? पुस्तक 1955 सालचं आहे. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च 1954 मध्ये, अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची राख दूरवर मासेमारी करणाऱ्या जपानी खलाशांच्या अंगावर पडली. त्या काळातला माणूस किरणोत्साराबद्दल लिहितो तेव्हा ती कल्पनेची चैन नसते. इंग्लंड-कॅनडातल्या शाळांत हे पुस्तक नेमलेलं असतं, ते उगाच नाही.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, मी एकही प्रतिक्रिया काढून टाकत नाही. फक्त ती पुस्तकाबद्दल असू द्या, माझ्या वर्गाबद्दल नको. आणि ओढ्याचं ते प्रकरण एकदा परत वाचून मग लिहा.