कार्टूनवर खापर फोडणाऱ्यांना

आज शाळेच्या पालकसभेत एक पाहुणे तासभर बोलले. मुलांचं मराठी बिघडलं, अभ्यासात लक्ष नाही, उलट बोलतात, आणि या सगळ्याच्या मुळाशी म्हणे कार्टून. "घरातला टीव्ही काढून टाका," म्हणाले. वर टाळ्या! माझं डोकंच फिरलं, पण पोर शेजारी बसली होती म्हणून गप्प राहिले. आता ती झोपलीय, तर लिहिते.

आमच्या धाकटीचं घर मराठी, गल्ली मराठी, शाळा मराठी. पण राहतो कर्नाटकात, म्हणून कानडी विषय सक्तीचा, आणि ती सक्ती आपल्याला किती डाचते ते तुम्हाला मी सांगायला नको. अक्षरं घोटून वह्या भरल्या, पण तोंडातून एक वाक्य निघत नव्हतं. मग माघात सासूबाईंना घेऊन सौंदत्तीला, यल्लम्माच्या डोंगराला निघालो. बसमध्ये शेजारी बैलहोंगलकडची एक आज्जी. सासूबाई जांबोटीकडच्या, त्यांना कानडी येत नाही. तिला मराठी कळत नाही. दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होत्या. आज्जी गुडघा चोळत होती, तेवढ्यात आमचं कार्टं विचारतंय, "याके अज्जी, कालु नोय्तिदेया?" का गं आज्जी, पाय दुखतोय का?

मी बघतच राहिले. अगदी बेंगळुरू वळणाची कानडी! आज्जीला त्याचीच गंमत वाटली. तिथून डोंगर येईपर्यंत हीच दुभाषी. गुडघा, सुना, पावसानं बुडवलेला हरभरा, सगळं इकडून तिकडे. कुठं शिकलीस विचारलं तर म्हणते, चिंटू टीव्हीवर. म्हणजे कानडी कार्टूनचा चॅनल.

पाहुणे, ऐकताय ना? आपल्याकडे पुस्तकात आधी शब्द येतो आणि अर्थ मागाहून पाठ करायचा असतो. कार्टूनमध्ये आधी घडतं. कोणीतरी धपकन पडतं, चेहरा वेडावाकडा होतो, दुसरा धावत येऊन विचारतो, लागलं का? तोच भाग पोरं पुन्हा पुन्हा बघतात आणि आपण वैतागतो. पण पुढं काय होणार ते माहीत असतं, म्हणूनच त्यांचं लक्ष बोलण्याकडे जातं. आणि धाकटी नुसतं वाक्य शिकली नाही हो. दुखतंय असं दिसलं की जवळ जाऊन विचारायचं, हेही तिथंच शिकली. आम्ही मोठी माणसं त्याच बसमध्ये होतो, आमच्यापैकी एकानं तरी विचारलं?

हां, दिवसभर टीव्हीपुढं बसवू नये, मान्य. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय की दोन वर्षांखालच्यांना पडदा नको आणि चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. मारामारीची कार्टूनं मलाही नको वाटतात. पण म्हणून सरसकट सगळी बंद?

युनिसेफच्या कार्टूनमधली मीना आठवते का? तिला शाळेत पाठवत नाहीत, म्हणून तिचा पोपट मिठू वर्गाच्या खिडकीशी जाऊन शिकून येतो आणि तिला शिकवतो. घरातल्या कोंबड्या मोजता येतात, म्हणून तिला चोरी कळते. मुलींना शाळेत घाला हे भाषण करून किती जणांच्या गळी उतरलं असतं? आणि 1974 ची ती सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची चिमण्यांची कार्टून-गोष्ट, जाळं घेऊन उडणाऱ्या! आपली अख्खी पिढी त्यावर एकी शिकली. ती एका मराठी बाईनं केली, विजया मुळे यांनी. पण हिंदीत.

इथं मात्र जीव तुटतो. सन टीव्हीवाल्यांनी तमिळ पोरांसाठी चुट्टी टीव्ही काढलं, 2009 मध्ये कानडी पोरांसाठी चिंटू. आमच्या केबलवर मराठी पोरांसाठी असं काय लागतं? इथं मराठी टिकवायचं म्हणून आपण मोर्चे काढतो, पाट्यांवरून भांडतो, आणि पाच वर्षांच्या पोराला आपल्या भाषेत हसवायला आपल्याकडे काहीच नाही! त्याचं पाप कार्टूनच्या माथी कशाला?

पुढच्या सभेत मी उठून बोलणार आहे. शाळेत प्रोजेक्टर आहे, तो वर्षभर कपाटात असतो. शनिवारी शेवटच्या तासाला मराठी कार्टून लावा म्हणणार. धड मराठीतली, लहान मुलांना कळतील अशी कार्टूनं माहीत असतील तर नावं द्या. आणि सभेला माझ्याबरोबर कोण कोण येणार तेही सांगा.