‘घाटमाथा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : विनाचालक गाडी, माझा चुकलेला वायदा आणि तुमचे वडील

नमस्कार घाटमाथा,

तुमची प्रतिक्रिया वाचली त्या दिवशी राग आला होता. मग तुम्ही उल्लेख केलेला माझाच 2016 चा लेख उघडून बसलो आणि राग नेमका कुणावर धरायचा ते कळेना. म्हणून उत्तराला आठवडा लागला.

बाकीच्यांसाठी संदर्भ सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की विनाचालक गाडी सर्वसामान्यांपर्यंत पोचली आहे, अमेरिकेत अॅरिझोनातल्या आमच्या चँडलर गावात तर लोक ती भाजी आणायलाही बोलावतात. त्यावर घाटमाथा यांनी मला झोडपलं ते असं : हेच तुम्ही 2016 मध्येही म्हणाला होतात, तेव्हा 2021 चा वायदा होता. अ‍ॅरिझोनातला आयटीवाला म्हणजे सर्वसामान्य माणूस नव्हे. या गाड्या खरं तर कुठल्याशा कॉल सेंटरमधून माणसंच चालवतात. सुरक्षिततेचे आकडे कंपनीचेच. विकत घेता येईल अशी गाडी कधी? आणि शेवटी : "माझे वडील 74 वर्षांचे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा बाकी आहे. दर महिन्याला कराडहून कोल्हापूरला आत्याकडे स्वतः गाडी चालवत जातात, ऐकत नाहीत. त्यांच्यासाठी ही गाडी कधी येणार तेवढं सांगा, नाहीतर भाकितं बंद करा."

वायद्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे माझ्याकडे बचावच नाही.

2016 मध्ये वायदे करणारा मी एकटा नव्हतो, पण ही काही सबब नव्हे. गूगलच्या सर्गेई ब्रिन यांनी 2012 च्या सप्टेंबरमध्येच सांगून टाकलं होतं की सामान्य माणसाला हा अनुभव मिळायला लागणारी वर्षं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. इलॉन मस्क यांनी 2016 च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं की 2017 संपायच्या आत त्यांची गाडी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला कुणी हात न लावता जाईल. त्यांच्यावर मी तेव्हाही विश्वास ठेवला नव्हता, एवढं श्रेय मला द्या. मी भुललो फोर्डला. शंभर वर्षांहून जुनी कंपनी, गाड्या करून विकणारी, उगाच बोलणार नाही असं वाटलं. स्टिअरिंग नसलेली, पेडल नसलेली गाडी 2021 पर्यंत टॅक्सी म्हणून रस्त्यावर आणू, असं त्यांनी 2016 च्या ऑगस्टमध्ये सांगितलं आणि मी ते जसंच्या तसं उचललं. विनाचालक गाड्यांचं तंत्र करणाऱ्या ज्या आर्गो एआयमध्ये फोर्डने पैसा ओतला, ती कंपनी 2022 च्या ऑक्टोबरमध्ये बंदच केली.

माझं गणित चुकलं ते वाळवंटात. 2004 च्या मार्चमध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने मोहावीच्या वाळवंटात बिनमाणसाच्या गाड्यांची शर्यत लावली होती. मार्ग सुमारे दीडशे मैलांचा, बक्षीस 10 लाख डॉलर. सगळ्यात पुढे गेलेली गाडी साडेसात मैलांच्या आतच अडकून पडली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाच गाड्यांनी 132 मैलांचा मार्ग पुरा केला. सातवरून एकशे बत्तीस, तेही दीड वर्षात. मी कागदावर ती रेघ तशीच वर ओढत नेली आणि म्हटलं, शहर काय, आलंच. वाळवंटात माणूस नव्हता, हे मात्र मी रेघ ओढताना विसरलो.

शहरात काय होतं त्याचा एक नमुना बघा. 2023 च्या डिसेंबरमध्ये आमच्या शेजारच्या फिनिक्स शहरात एक पिकअप ट्रक टो करून नेत होते. तो नीट बांधलेला नव्हता. उलट्या तोंडाने आणि तिरका, अर्धा शेजारच्या लेनमध्ये आलेला. वेमो या गूगलच्या भावंड कंपनीची विनाचालक गाडी त्याला धडकली. टो करणारा तसाच पुढे गेला आणि काही मिनिटांनी वेमोचीच दुसरी गाडी त्याच पिकअपला धडकली! कुणाला लागलं नाही. ट्रकचं तोंड इकडे आणि तो जातोय तिकडे, त्यामुळे तो पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज दोन्ही गाड्यांच्या सॉफ्टवेअरने सारखाच चुकवला. आपल्याकडे दोराने ओढत नेलेली रिक्षा बघून शाळकरी पोरगंही बाजूला सरकतं. मात्र नंतर कंपनीने 444 गाड्यांचं सॉफ्टवेअर बदललं, म्हणजे ती चूक सगळ्या गाड्यांसाठी एकदमच निकालात निघाली. माणसाचं तसं नसतं, प्रत्येक नवशिका आपली आपटी स्वतंत्र खातो. अशा विचित्र प्रसंगांची यादी किती लांब आहे ते 2016 मध्ये मला कळलेलं नव्हतं. त्यातलं प्रत्येक प्रकरण क्वचित घडतं, पण सगळी मिळून रोज घडतात.

आता ‘सर्वसामान्य’. इथे मात्र मी भांडणार.

गेल्या हिवाळ्यात आई आली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण म्हणून निवृत्त झालेली, जन्मात लायसन्स काढलेलं नाही. चँडलरसारख्या गावात गाडी न येणारं माणूस घरात कोंडलं जातं. रस्ते सहा-सहा लेनचे, फुटपाथवर चिटपाखरू नाही, आणि बस शोधावी लागते. एका दुपारी कढीपत्ता संपल्याचं निमित्त झालं. फोनवरून गाडी बोलावली. पांढरी जॅग्वार आली, डोक्यावरच्या घुमटात माझी आद्याक्षरं चमकत होती. आई मागे बसली, पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून, जशी रिक्षात धरते तशी. समोरच्या सीटवर कुणी नाही आणि स्टिअरिंग आपलं आपण फिरतंय. पहिली दोन मिनिटं ती त्या स्टिअरिंगकडेच बघत होती. मग एक चौक आला, चारही बाजूंना स्टॉपची पाटी, कोपऱ्यावर उंच कुंपण. गाडी रेषेवर पूर्ण थांबली, मग हळूच वीतभर पुढे झाली, पुन्हा थांबली, आणि पलीकडचं दिसल्यावर निघाली. आई म्हणाली, "अगदी तुझ्या बाबांसारखी मान काढून बघते रे." परत येताना तिने एकच प्रश्न विचारला : "रात्री याला झोप येत नाही ना?"

मी शेजारी बसलो होतो, पण माझी गरज नव्हती. तर घाटमाथा, आयटीवाला मी आहे, पण आयटीवाल्याकडे स्वतःची गाडी असतेच. ही सोय जिला लागते ती माझी आई. भाडं उबरपेक्षा बहुधा जास्तच असतं, टिप तेवढी वाचते.

पण तुमचा मुद्दा मी आता वेगळ्या शब्दांत मान्य करतो. आम्हाला ही गाडी मिळाली ती आमचा पत्ता चँडलरचा आहे म्हणून. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये वेमोने विनाचालक फेऱ्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या त्या इथल्याच 50 चौरस मैलांत. तो तुकडा 315 चौरस मैलांचा व्हायला 2024 उजाडलं, आणि फ्रीवेवरच्या फेऱ्या प्रवाशांना मिळू लागायला 2025 चा नोव्हेंबर. गुगल नकाशासारखी ही गोष्ट एका रात्रीत जगभर येत नाही. ती पाण्याच्या पाइपलाइनसारखी येते, एका वॉर्डात नळ आणि पलीकडच्या वॉर्डात टँकर. आणि इथलाच वॉर्ड आधी का? रस्ते काटकोनात आखलेले, पाऊस नावाला, ऊन बारमाही. यंत्राला शिकायला याहून लाडावलेली शाळा मिळणार नाही. मागच्या लेखात मी ‘आली’ असं लिहिलं, ‘कुठे’ ते ठळक लिहिलं नाही. चूक माझी.

कॉल सेंटरचं मात्र तुम्ही अर्धंच ऐकलंय. दूर बसलेला माणूस स्टिअरिंग फिरवत नाही. गाडी अडली की ती प्रश्न विचारते. तो कॅमेऱ्यातून बघून उत्तर देतो किंवा वाट सुचवतो, चालवते गाडीच. पण हा आधार किती नाजूक आहे ते 2025 च्या 20 डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत दिसलं. वीज गेली, सिग्नल बंद पडले. बंद सिग्नल कसा पार करायचा हे या गाड्यांना शिकवलेलं आहे, तरी खात्रीसाठी त्या अधूनमधून विचारतात. सगळ्यांनी एकदम विचारायला सुरुवात केली, उत्तरं तुंबली आणि गाड्या चौकाचौकांत खोळंबल्या. शेवटी त्या संध्याकाळी सेवाच थांबवावी लागली. सिग्नल बंद पडणं ही आपल्याकडे बातमीसुद्धा होत नाही, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो.

आकड्यांबद्दल. मागच्या लेखात मी दिलेला आकडा, म्हणजे माणसांनी चालवलेल्या गाड्यांपेक्षा वेमोवर मालमत्ता नुकसानीचे दावे 88 टक्के कमी, हा स्विस री या विमा कंपनीबरोबर केलेल्या अभ्यासातला, 2 कोटी 53 लाख मैलांवरचा. वेमो त्यात भागीदार होती, हे मी लिहायला हवं होतं. आणि जीव जाण्याबद्दल त्यातून काहीच ठरत नाही. अमेरिकेत दर दहा कोटी मैलांमागे साधारण एकाहून थोडे जास्त मृत्यू होतात, त्यामुळे तिथे निवाडा द्यायला कोट्यवधी मैल लागतात.

आमच्या शेजारच्या टेंपी गावात मिल अ‍ॅव्हेन्यूवरून जाताना मला दरवेळी 2018 चा मार्च आठवतो. उबरची चाचणीची गाडी, रात्रीची वेळ, एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. चौकशीत निघालं की यंत्राला ती 5.6 सेकंद आधी दिसली होती. पण ही मोटार, की सायकल, की आणखी काही, हे त्याला ठरवता येईना. ते मत बदलत राहिलं आणि प्रत्येक वेळी ती कुठे चाललीय याचा हिशेब नव्याने मांडत राहिलं. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस भलतीकडेच रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यता त्या प्रणालीत धरलेलीच नव्हती. देखरेखीला बसवलेली ड्रायव्हर रस्त्याकडे बघत नव्हती. ती बाई गेली. पुणे-बंगळूर हायवेवर उंब्रजपाशी पाच मिनिटं उभं राहा आणि झेब्रावरून किती जण जातात ते मोजा.

विकत घेता येईल अशी गाडी कधी, हेही तुम्ही विचारलंत. कंपन्या नावं काहीही देतात. माझी कसोटी एकच : अपघात झाला तर जबाबदार कोण? टेस्ला आपल्या प्रणालीच्या नावातच आता ‘देखरेखीखाली’ असं लिहिते, म्हणजे जबाबदार तुम्ही. मर्सिडीजने 2022 च्या मे महिन्यात जर्मनीत एक प्रणाली विकायला काढली. ती चालू असताना नजर रस्त्यावरून काढली तरी चालायची आणि त्या वेळी जबाबदारी कंपनी घ्यायची. पण केव्हा? मोटरवेवर, वाहतूक तुंबलेली असताना, तेव्हा ताशी 60 किलोमीटरच्या आत. आपल्याकडे 2021 पासून एक्सयूव्ही 700 सारख्या गाड्यांत लेन धरून ठेवणारी सोय आली आणि लगेच स्टिअरिंग सोडून बसलेल्या बहाद्दरांचे व्हिडिओ फिरले. त्या सोयीत जबाबदार बहाद्दरच असतो. विक्रेता शोरूममध्ये हे सांगत नाही.

आता तुमचे वडील. गडकरींनी 2023 च्या डिसेंबरमध्ये नागपुरात सांगितलं की मी आहे तोवर या गाड्या देशात येऊ देणार नाही, सत्तर-ऐंशी लाख ड्रायव्हरांची रोजी जाईल. लोक म्हणतात मंत्र्यामुळे अडलंय. मला नाही वाटत. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने 2018 मध्ये यंत्राला रस्ता ओळखायला शिकवण्यासाठी भारतीय रस्त्यांच्या सुमारे 10,000 प्रतिमांचा संच प्रसिद्ध केला; त्यात रिक्षा, जनावरं यांना वेगळे वर्ग करावे लागलेच, पण डांबराच्या कडेची, रस्ता नसलेली तरी गाडी घालता येते अशी जमीन, म्हणजे आपली साइडपट्टी, तिलाही वेगळा वर्ग द्यावा लागला. हे काम अवघड आहे, अशक्य नाही. खरी अडचण हिशेबाची आहे. अमेरिकेत ड्रायव्हर महाग म्हणून त्याच्या जागी महागडं यंत्र बसवणं परवडेल अशी आशा तरी आहे. कराडमध्ये दिवसाच्या पैशावर ओळखीचा ड्रायव्हर मिळतो. तो साइडपट्टीवरून गाडी घालतो, टोलवर भांडतो आणि आत्याकडे पोचल्यावर डबेही उतरवून देतो. त्याच्या रोजाशी स्पर्धा करायला इतके कॅमेरे नि सेन्सर लादलेली गाडी कोण कशाला आणेल?

म्हणून तुम्हाला सरळ उत्तर : तुमच्या वडिलांना गरज आहे त्या वर्षांत ती येणार नाही. 84 व्या वर्षीही कराड-कोल्हापूर रस्त्यावर ती त्यांच्यासाठी उभी असेल असं मी म्हणणार नाही. भाकीत बंद करा म्हणालात, हे तेवढं शेवटचं समजा.

जुन्या 2016 च्या लेखाचा मजकूर बदलला नाही. वर फक्त एक ओळ घातली आहे, ‘यातलं 2021 चुकलं’, आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेची लिंक दिली आहे.

रात्रीची गाडी मात्र त्यांना आत्ताच बंद करायला लावा. समोरच्या दिव्यांचं फाकणं मोतीबिंदूत किती वाढतं ते माझ्या वडिलांनी ऑपरेशननंतर आम्हाला सांगितलं, आधी दोन वर्षं लपवलं होतं. दुसऱ्या डोळ्याची तारीख घेतलीत का?