डग्लस कवट्यांच्या वादात का उतरले

डग्लस यांच्या १८५४ च्या भाषणावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपण माणूस आहोत हे पटवून द्यायला उभं राहणं म्हणजे निम्मी हार पत्करणं, गुलामीतून निसटून गुलामगिरीविरुद्ध लढलेले अमेरिकन वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनी कवट्यांच्या मापावरून वंशांची लायकी ठरवण्याच्या आणि प्राचीन इजिप्तचे लोक काळे होते की गोरे या वादात पडायलाच नको होतं, असं तुमचं म्हणणं. त्यामागचा संताप मला कळतो. तो डग्लस यांनाही होता. गुलाम माणूस आहे हे मी का सिद्ध करू, असं १८५२ च्या भाषणात त्यांनीच विचारलं होतं. त्यांचा दाखला असा: व्हर्जिनियात काळ्या माणसाला ७२ गुन्ह्यांसाठी देहदंड होता, गोऱ्याला त्यांतल्या फक्त दोनांसाठी. कायदा ज्याला गुन्हेगार ठरवतो, तो माणूस आहे हे त्या कायद्यानेच कबूल केलेलं असतं.

मग दोनच वर्षांनी, १२ जुलै १८५४ रोजी, ओहायोतल्या वेस्टर्न रिझर्व्ह कॉलेजात ते नेमकं तेच सिद्ध करायला का उभे राहिले? समोर कोण बसलं होतं ते बघा ना. गोरे आणि काळे मुळातच वेगळे, असं शास्त्राच्या थाटात सांगणारा नॉट आणि ग्लिडन यांचा जाडजूड ग्रंथ त्याच वर्षी आला होता. तो वाचणारी पोरं उद्याचे न्यायाधीश आणि पाद्री. त्यांच्यापुढे गप्प राहून कसं चाललं असतं?

बाल्टिमोरच्या गल्लीत गोऱ्या पोरांना पाव देऊन त्या बदल्यात अक्षरं शिकलेला हा माणूस. कॉलेज सोडा, शाळाही नाही. तो पदवीदानाच्या सोहळ्यात कवट्या मोजून वंशांची प्रतवारी लावणाऱ्या मॉर्टन या अमेरिकन डॉक्टरांच्या शास्त्राची चिरफाड करतो, ग्रंथांतल्या चित्रांवर बोट ठेवतो: गोरा काढायचा तर देखणा, रुबाबदार; काळा काढायचा तर ओठ फुगवलेले, कपाळ चेपलेलं. आणि विचारतो, गार्नेट, वॉर्ड, डिलेनी या काळ्या पुढाऱ्यांसारखी डोकी तुमच्या पुस्तकांत का नाहीत?

आणि भाषणाच्या शेवटाकडे ते म्हणतात, समजा काळ्यांचं मूळ वेगळं निघालं, तर त्याने काय बिघडलं? माणूसपण तेच, हक्कही तेच. तुमचा मुद्दा हाच आहे. विरोधकांच्या अंगणात शिरून त्यांचं हत्यार बोथट केल्यावर त्यांनी तो मांडला, म्हणून तो मला जास्त मोलाचा वाटतो.

आयरिश माणसांबद्दलचं बोलणं तुम्हाला खटकलं, ते रास्त आहे. गरीब, अशिक्षित आयरिश माणसाचं उघडं तोंड, लांब हडकुळे हात वर्णून ते त्याची मळ्यावरच्या गुलामाशी तुलना करतात. हालअपेष्टा शरीर कसं घडवतात, हे त्यांना दाखवायचं होतं. तरी ते शब्द टोचतात. मूळ लेखात मी तो भाग गाळला, हे चुकलं. आज रात्री जोडतो.