व्हीटी गोऱ्यांची, मग राजाबाई कोणाची?

सध्या मुंबईबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सॲपवर ग्रुपांमागून ग्रुप पालथे घालतोय. सार असं: फोर्टातल्या जुन्या इमारती इंग्रजांनी बांधल्या, त्या गुलामीच्या खुणा आहेत, त्या सांभाळण्यात आपला कराचा पैसा जातो, त्या पडून माणसं मरतात, तेव्हा नमुन्यादाखल एक-दोन ठेवा आणि बाकीच्या पाडून टॉवर उभे करा. शेवटी ‘पुढे पाठवा’ आलंच.

‘इंग्रजांनी बांधल्या’ यापासूनच सुरुवात करू. राजाबाई टॉवरचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, हे खरं. पण पैसा कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचा. ग्रंथालयासाठी दोन लाख, टॉवरसाठी आणखी दोन लाख, तेही १८६० च्या दशकातले. टॉवरला नाव मिळालं त्यांच्या आईचं. शेजारचं दीक्षान्त सभागृह सर कावसजी जहांगीर या पारशी दानशूराच्या देणगीतून झालं. राणीच्या बागेतलं संग्रहालय १८७२ साली व्हिक्टोरिया-आल्बर्टच्या नावाने उघडलं खरं, पण त्यासाठी खपले डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट. १९७५ पासून तिथे भाऊ दाजींचंच नाव आहे.

व्हीटीचं, म्हणजे आजच्या सीएसएमटीचं, श्रेय वास्तुकार स्टीव्हन्सला मिळतं. त्याच्या हाताखाली रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते, आणि नक्षीकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात होते. लोकल सुटायला चार मिनिटं असतील तर एकदा बाहेर उभं राहून वर बघा. मोर दिसेल, माकडं दिसतील, दगडात कोरलेला आपल्याकडचाच पालापाचोळा दिसेल.

ओव्हल मैदानाच्या पलीकडची इमारतींची रांग आणि मरीन ड्राइव्ह तर १९३०-४० च्या दशकांतली. तिथले बरेचसे मालक भारतीय, आणि आर्किटेक्टही. ग. ब. म्हात्रे हे त्यातलं मोठं नाव. फोर्टमधली न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत १९३६ ची, मास्टर, साठे आणि भुता या आर्किटेक्टांची. तिच्या दर्शनी भिंतीवरची शिल्पं एन. जी. पानसरे यांची, आणि त्यात राणी नाही, कष्टाची कामं करणारी माणसं आहेत. ही गुलामीची खूण म्हणायची?

बरं, काही इमारती सरकारी होत्या, राज्य दाखवायलाच बांधल्या होत्या. मुंबई हायकोर्ट घ्या, १८७८ चं. पण १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली ती याच इमारतीत, आणि शिक्षेआधी त्यांनी काढलेले उद्गार त्या दालनाबाहेर संगमरवरात कोरून लावले आहेत. तो दगड वाचताना मागे तीच भिंत हवी. उद्या एखाद्या टॉवरच्या लॉबीत लावला तर तो नुसता फलक होईल.

कराच्या पैशाचं थोडक्यात सांगतो. राजाबाई टॉवरची दुरुस्ती टीसीएसच्या पैशातून झाली. भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी पालिकेबरोबर इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन होतं, आणि त्या कामाला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. सरकारी इमारतींवर सरकार खर्च करतं, हो. टॉवरमधल्या सरकारी कार्यालयाची डागडुजी काय फुकटात होते?

‘पडून माणसं मरतात’ हा मुद्दा मात्र हसण्यावारी न्यायचा नाही. एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, याच मुंबईत आहे. १८९६ च्या जुलैत ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं देशात पहिल्यांदा दाखवली गेली ती तिथे. २००५ साली तिचाच काही भाग कोसळून जीव गेला. पण कारण वयात शोधू नका. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. हातात पडणाऱ्या भाड्यात जिन्याची एक पायरीही नीट होत नाही, म्हणून मालक हात लावत नाही. पागडी, म्हणजे घर घेताना दिलेली मोठी रक्कम, गेलेली असते, म्हणून भाडेकरू हलत नाही. अशा अवस्थेत कोणतीही इमारत सडेल. आणि नव्याचं म्हणाल तर २०१३ साली ठाण्याजवळ शीळफाट्याला कोसळलेली इमारत अजून बांधून पुरी व्हायची होती. ७४ माणसं गेली. २०२० साली महाडची तारिक गार्डन पडली, तिला दहा वर्षंही झाली नव्हती.

हेरिटेज, म्हणजे वारसा ठरलेल्या इमारतीत काही बदलायची परवानगी मिळवताना मालकाच्या चपला झिजतात, ही तक्रार मला पटते. त्यावर रागवाच. पण १९९५ च्या नियमावलीनेच अशा इमारतींच्या तीन श्रेणी केल्या आहेत आणि तिसऱ्या श्रेणीत बदलाला बरीच मोकळीक आहे. न वापरलेल्या चटईक्षेत्राच्या (बांधकामाच्या हक्काच्या) बदल्यात टीडीआरची, म्हणजे तो हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची, सोयही आहे. मजकूर लिहिणाऱ्याने यातलं काहीच सांगितलेलं नाही.

राहता राहिले ‘एक-दोन नमुने’. २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवला तो ओव्हलभोवतीचा ९४ इमारतींचा समूह: एका बाजूला टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीतल्या इमारती, दुसऱ्या बाजूला १९३०-४० च्या दशकांतल्या आर्ट डेको शैलीतल्या, मध्ये मोकळं मैदान. किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली म्हणून ही जागा मोकळी झाली, तेव्हा काहीच कधी पाडू नये असं कोणी म्हणत नाही. तटबंदी गेली आणि गावाला मैदानं मिळाली. या ९४ मधल्या ९२ पाडून सामान्य मुंबईकराला काय मिळणार, तेवढं त्या मजकुरात कुठेच लिहिलेलं नाही.